कानाच्या पडद्यातला हमाल

मी हमाल बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, दिसणार नाही. साधा सूक्ष्मदर्शक लावून बसलात तरी सापडेन एवढा माझा देह नाही. मी एक प्रथिन आहे. एका माणसाच्या उजव्या कानाच्या पडद्यात एक पेशी आहे, त्या पेशीत मी राहतो आणि ओझी वाहतो. शास्त्रज्ञांनी माझं नाव इम्पोर्टिन ठेवलंय. नाव मोठं भारदस्त आहे, पण काम विचाराल तर हमालीच.

अशी आपली कहाणी सांगायला बसलेले बहुतेक जण शेवटी रडतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते, वापरून टाकलेलं पेनसुद्धा रडतं. मी रडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझं आयुष्य छान गेलं. ज्यांच्यामुळे छान गेलं त्यांचे आभार मानावेत, एवढ्यासाठीच तोंड उघडलंय.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा प्रथिनाला माणसांच्या गोष्टी कशा कळल्या? अहो, मी राहतो कुठे ते बघा ना! बाहेर कुणी काही बोललं की आमची जमीन, भिंती, छप्पर सगळं हलतं. ऐकायचं नाही असं ठरवलं तरी सोय नाही. घरातली भांडणं, दुकानातल्या गप्पा, मालकांचं आंघोळ करतानाचं बेसूर गाणं, सगळं मी निमूट ऐकलंय.

माझा जन्म पेशीतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे अमिनो आम्लांचे मणी घेऊन लांब माळा ओवतात. माझीही एक माळ ओवली गेली, मग ती आपसूक वळत, दुमडत गेली आणि तिचा एक बाकदार आकार झाला. त्या बाकाच्या आतल्या अंगाला एक लांबट खोबण तयार झाली. ती खोबण हीच माझी इस्टेट आणि तेच माझं शिक्षण. माझ्यासारखे हजारो भाऊबंद त्या पेशीत होते, त्यामुळे जन्माचं कौतुक कुणी केलं नाही. थेट कामाला जुंपलं.

काम काय, ते सांगतो. पेशीच्या मधोमध केंद्रक असतं. त्याला चांगली दुहेरी भिंत असते, कारण सगळ्या शरीराच्या सूचना आत जपून ठेवलेल्या असतात. त्या सूचना उघडणारे, वाचणारे, दुरुस्त करणारे सगळे कामकरी म्हणजे प्रथिनंच. पण गंमत अशी की त्यातलं एकही केंद्रकात बनत नाही. सगळे बाहेर जन्मतात आणि मग आत जायला निघतात. आता येईल त्याला आत सोडलं तर कसं चालेल? म्हणून भिंतीला दारं ठेवलीत आणि दाराशी आम्ही.

आत कुणाला न्यायचं ते ओळखायची खूण अगदी साधी आहे. ज्याचं काम आत असतं त्याच्या अंगावर ठरावीक मण्यांचा एक छोटा पट्टा असतो. त्या मण्यांवर धन भार असतो आणि माझ्या खोबणीत ऋण. तो पट्टा म्हणजे त्याचा पत्ता. मला डोळे नाहीत, मी चाचपून ओळखतो. अंधारात कुलूप चाचपत किल्ली लावावी, तशी मी खोबण लावून बघतो. मणी जागच्या जागी बसले की माल माझा. नाही बसले तर तो निसटून जातो, आणि मीही त्याला धरून ठेवत नाही.

सुरुवातीला माझी फजिती झाली. एक लठ्ठ प्रथिन समोरून आलं. त्याचे एक-दोन मणी खोबणीत बसले आणि मी लगेच त्याला उचलून चालू पडलो. दोन पावलंही गेलो नाही तोच ते घसरून खाली. माझा जोडीदार बघत होता. तो म्हणाला, "नुसतं गावाचं नाव वाचून निघालास होय? गल्ली, घर कोण बघणार?" तेव्हापासून मी अख्खा पत्ता लागल्याशिवाय पाऊल उचलत नाही.

जोडीदाराबद्दल सांगायलाच हवं. आम्ही जोडीनंच काम करतो. माल ओळखून धरायचा तो मी, आणि दारातून पार न्यायचं ते त्यानं. केंद्रकाचं दार तुमच्या दारासारखं नसतं. त्यात लवचीक धाग्यांचा दाट गुंता भरलेला असतो. बारीकसारीक मंडळी त्यातून निसटून जातात, पण मोठ्या प्रथिनाला तो गुंता आत शिरूच देत नाही. माझ्या जोडीदाराच्या अंगावर मात्र अशा जागा आहेत की ते धागे त्याला किंचित चिकटतात आणि लगेच सुटतात. असा धरत-सोडत तो मला आणि मालाला घेऊन पलीकडे उतरतो. एवढं अवघड काम, पण कधी मिजास नाही केली पठ्ठ्यानं.

आत पोचलं की रान नावाचं एक छोटं प्रथिन वाट बघतच असतं. आत असताना ते अगदी जोमात असतं. येतं आणि माझ्या जोडीदाराला मिठीच मारतं. त्या मिठीत जोडीदाराचा माझ्यावरचा हात सुटतो आणि माझा मालावरचा. माल आपल्या कामाला लागतो. रान आम्हालाही परत बाहेर आणायची व्यवस्था करतं, आणि बाहेर आल्यावर त्याचा जोम ओसरला की आम्हाला मोकळं सोडतं. कुणी म्हणेल, ओझं हिसकावून घेणाऱ्याचे आभार कसले? पण त्यानं ते उतरवून घेतलं नसतं तर मी जन्मभर तेच एक डोक्यावर घेऊन बसलो असतो.

हात रिकामे असले की मी आणखी एक करतो. माझ्याच अंगाचं एक शेपूट आहे, तेही थोडंसं पत्त्यासारखंच दिसतं. ते मी माझ्याच खोबणीत घालून बसतो. म्हणजे भलतंसलतं काही चिकटायला नको. बस स्टॉपवर उभी माणसं हाताची घडी घालून उभी राहतात ना, अगदी तसं.

आता मालकांकडे येतो. मालक पंक्चर काढतात. चौकाच्या कडेला त्यांचं पत्र्याचं छोटं दुकान आहे, हवा भरायचा कॉम्प्रेसर आहे, पाण्यानं भरलेलं एक घमेलं आहे. शेजारी चाव्या बनवणारा एक जण बसतो. तो दिवसभर कानस चालवतो आणि तोंडही. मालकांचा डावा कान लहानपणीच तापात गेला. जे काही ऐकू यायचं ते आमच्या उजव्या कानानं. म्हणून मालक नेहमी माणसाच्या डाव्या हाताला उभे राहायचे, आणि कुणी चुकीच्या बाजूनं हाक मारली की सगळेच्या सगळे वळायचे.

घरी त्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तिनंच भावाला वाढवलं. ताई बस स्टँडवर गाड्या पुकारायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, हे ती कर्णा-भोंगा काही न घेता नुसतं ओरडून सांगायची म्हणे. मी ते ऐकलेलं नाही, माझ्या आधीची गोष्ट. मग तिच्या घशाला काहीतरी झालं, ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती कुजबूज. नुसता वारा, त्याला शब्दांचा आकार.

ती कुजबूज बाहेरच्यांना ऐकू यायची नाही. दुकानदार "काय? काय म्हणालात?" करत राहायचे आणि शेवटी कंटाळून भलतंच काहीतरी हातात द्यायचे. पण मालकांच्या कानाला तिची इतकी सवय होती की ती स्वयंपाकघरातून पुटपुटली तरी ते बाहेरच्या खोलीतून उलट उत्तर द्यायचे. आणि दोघं भांडायची! भाजीत मीठ किती इथपासून पंखा कितीवर ठेवायचा इथपर्यंत.

"फुग्या, ओला टॉवेल पलंगावर टाकलास," ती कुजबुजायची. मालक लहानपणी रुसले की गाल फुगवायचे, म्हणून हे नाव.

"सुकेल की आपोआप."

"पलंग कोण सुकवणार मग? मी?"

"तू फुंकर मार. तुझा वारा बरा आहे."

असं झालं की काहीतरी उडत यायचं. बहुतेक वेळा उशी. मग दोघं हसायची. मालक खो खो करून हसायचे, आणि ताईचं हसणं म्हणजे नुसता तुटक तुटक श्वास. आमचा पडदा त्या श्वासानं इतका हलका हलायचा की मला गुदगुल्या व्हायच्या. त्या घरातलं ऐकायला मिळालं, हे माझं भाग्यच.

आमच्या पेशीत तेव्हा एक आळशी होता. चांगला दणकट गडी, पण सदा पेशीच्या कोपऱ्यात पडलेला. मी त्याच्या अंगावरून खोबण फिरवून बघायचो, पत्ता लागायचा नाही. दुसरंच एक प्रथिन त्याच्या अंगावर पसरून बसलेलं असायचं, हलायलाच तयार नाही. मी जोडीदाराला म्हणायचो, "हा फुकटा इथे कशाला ठेवलाय?" जोडीदार म्हणायचा, "असेल काही कारण. तू आपला माल उचल." आम्ही त्याला झाकल्या म्हणायचो.

मग तो दिवस आला. एक गिऱ्हाईक परत परत येत होतं. दुचाकीचं चाक रोज सकाळी बसलेलं सापडायचं. मालकांनी ट्यूब काढून घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुडा दिसेना. गिऱ्हाईक वैतागलं. "तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा," म्हणालं.

हे मालकांना लागलं. बारीक गळती पाण्यात नाही दिसली तर मालक ती कानानं शोधायचे. ट्यूब फुगवून कानाजवळून हळूहळू फिरवायची, कुठेतरी सुईच्या टोकाएवढा सूं आवाज येतो. त्यात त्यांचा हात धरणारं त्या चौकात कुणी नव्हतं. पण ट्यूब टायरच्या बाहेर असताना तिच्यात बेतानंच हवा भरायची असते. आवाज येईना म्हणून त्यांनी आणखी हवा भरली. तरी येईना, म्हणून आणखी. ट्यूब गरगरीत फुगली.

"अरे, पुरे!" शेजारचा चावीवाला ओरडला.

"थांब रे, आत्ता ऐकू येतंय बघ," मालक म्हणाले, आणि ट्यूब कानाला लावली.

ती फुटली.

तो आवाज कसा होता ते मला सांगता येणार नाही. आवाज म्हणून तो मला कळलाच नाही, आमची सगळी भूमीच दुभंगली. माझ्या पेशीच्या एका अंगाला कालपर्यंत शेजारी होते. आता तिथे काहीच नव्हतं. आम्ही एका भोकाच्या अगदी काठावर लोंबत होतो.

पेशीत एकच तारांबळ उडाली. काठावरून घाईघाईनं निरोप आत येऊ लागले, याच्याकडून त्याला, त्याच्याकडून पुढच्याला. आणि तेवढ्यात मी पाहिलं, म्हणजे चाचपलं, झाकल्याच्या अंगावर पसरलेलं ते प्रथिन एकाएकी तुटून तुकडे तुकडे झालं. खाली काय असावं? पत्ता! अख्खा, स्वच्छ, एकेक मणी जागच्या जागी. माझ्या खोबणीत तो असा बसला की माझ्या अंगावर काटाच आला. हा आळशी नव्हताच. हा संकटाच्या वेळचा निरोप्या होता, आणि वेळ येईपर्यंत त्याचा पत्ता मुद्दाम झाकून ठेवला होता.

"उचल!" जोडीदार म्हणाला. सांगायची गरज नव्हती. असे झाकले ठिकठिकाणी उठत होते. आम्ही सगळे भाऊबंद एकेकाला घेऊन दारांकडे धावलो. धाग्यांच्या गुंत्यातून आत, रानची मिठी, ओझं खाली, परत बाहेर, पुन्हा पुढचा. आत गेल्या गेल्या निरोप्यांनी नेमक्या सूचना उघडल्या. जखम झाली आहे, जागं व्हा, हातपाय पसरा, वाढा. इतकी हमाली मी आधी कधी केली नव्हती आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता. आपण नेलेल्या मालाचं आत काय होतं हे हमालाला सहसा कळत नाही. मला कळलं.

चावीवाल्यानं मालकांना दवाखान्यात नेलं. कानाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं, म्हणून आम्हालाही फुटकं-तुटकं ऐकू आलं.

"काय करत होतात नेमकं?"

"ट्यूब ऐकत होतो," मालक म्हणाले.

"ट्यूब ऐकत होतात?"

"बारीक गळती कानानं कळते, डॉक्टर," चावीवाला मध्ये पडला. "हा त्यातला उस्ताद आहे. आता ह्याच्यातूनच हवा जायला लागली."

"गप रे," मालक म्हणाले.

बाईंनी दिवा लावून आत बघितलं. मग डावा कान बघितला. "त्या कानानं काहीच येत नाही?"

"नाही. लहानपणापासून."

"पडद्याला मोठं भोक पडलंय," बाई म्हणाल्या. "बरेचदा असं भोक आपोआप भरून येतं. पडद्याच्या पेशीच सरकत सरकत ते बंद करतात. नाही भरलं तर ऑपरेशन करून ठिगळ लावता येतं. पण तुमचा ऐकणारा कान हा एकच. त्यात काही बिघडलं तर? त्याला हात लावायला मी खूप विचार करीन."

"मग मी काय करू?"

"काहीही करू नका. तेच कठीण जातं लोकांना. पाणी नाही, तेल नाही, काडी नाही. नाक जोरात शिंकरायचं नाही. वाट बघायची."

पडद्याच्या पेशीच, असं म्हणाल्या बाई. म्हणजे आम्ही. एवढं मोठं माणूस, त्याची बहीण, त्यांची ती सगळी भांडणं, हे आता आमच्या सरकण्यावर येऊन ठेपलं होतं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मालकांना कॉम्प्रेसर ऐकू यायचा, ट्रकचा भोंगा ऐकू यायचा, चावीवाला ओरडला तर तेही कळायचं. ताईचं मात्र काही म्हणता काही येईना. जगातला एकुलता एक बारीक आवाज आणि तोच बंद. मलाही तिचा एक शब्द मिळेना. घरातली भांडणं आता अर्धीच ऐकू यायची.

"नाही म्हटलं ना! तेल नाही घालायचं! ... कोमट असो नाही तर गार असो! ... हो, लहानपणी घालायचीस, म्हणून तर तो गेला. ... बरं बाई, तापानं गेला. ... रडतेस कशाला? ... रडत नाहीस? मग डोळे कशाला पुसतेस?"

मग ताईनं पाटी आणली. ती लिहायची, मालक वाचायचे. चार-आठ दिवस चाललं. एकदा मालकच म्हणाले, "ताई, तुझं लिहून होईपर्यंत माझा राग निघून जातो गं. असलं भांडण काय कामाचं?" पाटी बाजूला पडली. पुढे ती टेबलावर थाप मारायची. जेवायला ये म्हणून एक, नको म्हणून दोन. त्या थापा आमच्यापर्यंत धप्प अशा यायच्या. त्यांत ना चिडणं कळायचं ना माया.

एकदा जेवता जेवता मालकांचा आवाज बदलला. "तुझे ओठ हलताना दिसतात," ते म्हणाले, "आणि कळत काहीच नाही. मला भीती वाटते, ताई. हे असंच राहिलं तर तू कुणाशी बोलशील?"

आम्ही काम करत होतो. एवढंच मी सांगू शकतो. काठावरच्या पेशींनी एकमेकींवरची पकड थोडी सैल केली आणि भोकाच्या दिशेनं अंग पसरलं. आमची पेशी जवळजवळ हवेतच पाय टाकत होती. सरकायला लागणारी, चिकटायला लागणारी, नवी जोडणी करणारी सगळी अवजारं बनवायची म्हणजे केंद्रकात सतत कामकरी हवेत. मी आणि जोडीदार, माल आणि दार, माल आणि दार.

मध्येच घात झाला. दुकानात एका बाई गिऱ्हाइकाशी बोलताना मालकांना शिंक आली. समोरच्या अंगावर नको म्हणून त्यांनी नाक चिमटीत धरून ती दाबली. सभ्यपणा! आतली हवा घशातून वर चढली आणि आमच्या पाठीवर येऊन आदळली. नवी विणलेली कड एका जागी टरकन उसवली. कितीतरी सोबती गेले. डॉक्टरीणबाईंनी मालकांना चांगलं फैलावर घेतलं. "शिंक दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून शिंकायचं! लोक काय म्हणतील ते म्हणू देत."

मालक खाली मान घालून "हो" म्हणाले. आणि आम्ही पुन्हा सुरुवात केली.

त्या धामधुमीत आमच्या पेशीची विभागणी झाली. एकीच्या दोन व्हायच्या म्हणजे केंद्रकाची भिंतच विरघळते. भिंत नाही, दारं नाहीत, आत नाही, बाहेर नाही. हमालानं करायचं काय? मी आयुष्यात पहिल्यांदा हात हलवत हिंडलो. मग दोन केंद्रकं झाली, दोन भिंती उभ्या राहिल्या, आणि लक्षात आलं की माझा जोडीदार पलीकडच्या पेशीत गेलाय. निरोप घ्यायलाही मिळालं नाही. त्याच्यासारखेच दुसरे जोडीदार इथे आहेत, कामात कमी नाहीत. पण ज्यानं मला पत्ता पुरा वाचायला शिकवलं तो तोच होता. तो जिथे असेल तिथे सुखी असो.

भोक बारीक होत गेलं. पलीकडच्या काठावरच्या पेशी जवळ येत होत्या. शेवटी एक दिवस आमच्या बाजूची कड त्यांच्या कडेला टेकली. टेकताच दोन्हीकडच्या पेशी थबकल्या, एकमेकींना धरून स्थिर झाल्या. झाकल्या आतून केव्हाच बाहेर येऊन पुन्हा झाकून बसला होता. पडदा हळूहळू ताठ होऊ लागला. आणि एके दिवशी संध्याकाळी माझ्या भिंती अगदी बारीक थरथरल्या. मला ओळख पटायला वेळ लागला. तो पंख्याचा आवाज होता.

मालक डाव्या कुशीवर आडवे झाले होते. दमून आले की ते असेच पडायचे, उजवा कान वर करून. त्यांनाही पंखा ऐकू आला असावा, कारण त्यांचा श्वास एकदम थांबला. ताई शेजारी बसून त्यांच्या शर्टाला बटण लावत होती. तिला वाटलं, भाऊ झोपला.

"झोपलास का रे," ती कुजबुजली.

मी थिजलो. मालक हलले नाहीत.

"झोप. मी आपली बोलते. रोजच बोलते तुझ्या उशाशी बसून, तुला कुठे कळतंय. तुला ऐकू येत होतं तेव्हा असलं काही बोलायची सोय नव्हती. लगेच टिंगल केली असतीस." दोरा तोडल्याचा आवाज आला. "माझा आवाज गेला तेव्हा मला वाटलं, आता आपण संपलो. ज्या आवाजावर एवढी ऐट, तोच नाही. लोक तोंडाकडे बघतात आणि निघून जातात. मग तू उजवा कान पुढे करून बसायला लागलास. कधी म्हणाला नाहीस, की ताई पुन्हा सांग. एकदाही नाही. एवढ्या मोठ्या जगात मी एकाच कानाशी बोलत होते, फुग्या."

पंखा फिरत होता.

"तो कान गेला असेल तर जाऊ दे," ताई म्हणाली. "मी बोलत राहीन. तू नुसता असा जवळ पडून राहा."

त्यांच्या कानाच्या मागे रक्त धडधडताना मला ऐकू येत होतं. वाटलं, आता हे रडणार. पण ते डोळे न उघडता म्हणाले,

"ताई, जरा हळू बोल गं. कानठळ्या बसल्या."

ताईची सुई थांबली. मग तो तुटक तुटक श्वास सुरू झाला, हसण्याचा की रडण्याचा मला कळेना, आणि मालकांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा बसला.

"किती ऐकलंस?"

"सगळं."

"मेल्या! सांगायचं नाही आधी?"

"तू थांबशील म्हणून नाही सांगितलं."

त्यानंतर ताईनं जे तोंड सोडलं ते विचारू नका. टॉवेल, पंखा, मीठ, शिंक, फुगवलेली ट्यूब, कित्येक आठवड्यांचं साठलेलं सगळं निघालं. मालक उठून बसले होते आणि कान पुढे करून शिव्या खात होते. मध्ये मध्ये म्हणायचे, "मग? आणखी काय?"

आता माझं. कानाच्या पडद्यावरची कातडी सारखी मधून कडेकडे सरकत असते, म्हणून तर आतला मळ आपोआप बाहेर येतो. काम झाल्यावर आमची पेशीही त्या वाटेला लागली. ती आता पार कडेला आलीय, चपटी झालीय. केंद्रकाची भिंत झिजत चाललीय, दारं एकेक करून मिटतायत. परवा मी एक ओझं आत नेलं, ते बहुधा शेवटचं. काल दिवसभर शेपूट खोबणीत घालून बसलो. थोड्या दिवसांत आमची पेशी एक कोरडा कण होऊन कानाबाहेर पडेल, आणि मालक रुमालानं कान पुसतील तेव्हा मी त्यात असेन.

दुःख नाही. खरंच नाही. जोडीदाराचे आभार, रानचे आभार, झाकल्याचे तर हात जोडून आभार. ज्यांनी काहीही करू नका असं सांगायचं धाडस केलं त्या डॉक्टरीणबाईंचे आभार, आणि एका शिंकेचा अपवाद सोडला तर ते खरोखर पाळलं म्हणून मालकांचे. तुमच्याही अंगात या घडीला माझे असंख्य भाऊबंद पत्ते चाचपत, ओझी उचलत दारादारांतून धावतायत. त्यांना तुमच्याकडून काही नको. फक्त कानात किल्ली, काडी, हेअरपिन असलं काही घालू नका हो. ती काडी कुणाच्या तरी घरात शिरते.

बराच बोललो. आता मला गप्प बसू द्या. ताई काहीतरी म्हणतेय.